सदाफुलीचे औषध आणि जिभेवरचा पांढरा थर

कोकणात सदाफुली नसलेले अंगण विरळाच. मूळच्या मादागास्करच्या या झाडापासून मिळणारे व्हिंक्रिस्टीन १९६० च्या दशकापासून मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर दिले जाते. रत्नागिरी-सिंधुदुर्गातली मुले मुंबईला किमोथेरपी घेऊन कोकण रेल्वेने घरी येतात आणि आठ-दहा दिवसांनी, रक्तातल्या पांढऱ्या पेशी तळाला गेलेल्या असतात नेमक्या त्याच सुमारास, जिभेवर आणि गालांच्या आतल्या बाजूला दह्याच्या कवडीसारखे चट्टे दिसू लागतात.

हा कँडिडा नावाच्या बुरशीचा प्रताप. ती निरोगी माणसाच्या तोंडातही असतेच. पण पांढऱ्या पेशींचा पहारा उठला, किमोने तोंडाची अस्तरत्वचा सोलली गेली आणि स्टेरॉइड व प्रतिजैविकांची भर पडली, की ती फोफावते. चट्टे फडक्याने खरवडू नयेत, कारण प्लेटलेट कमी असताना खालची लाल जागा रक्ताळते. मधातून टाकणखाराची लाही लावण्याची घरगुती रीतही येथे सोडावी. टाकणखार पोटात गेल्यास मुलांना विषारी ठरतो.

सौम्य संसर्गावर निस्टॅटिन या बुरशीनाशकाचे द्रावण दिवसातून चार वेळा तोंडात घोळवून गिळायला देतात आणि त्यानंतर अर्धा तास पेजसुद्धा देत नाहीत. क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाच्या गुळण्या चालू असतील, तर दोहोंत अंतर ठेवावे लागते, नाहीतर निस्टॅटिन निष्प्रभ होते. शिवाय ते आतड्यातून रक्तात जवळजवळ शोषलेच जात नाही. म्हणून प्रतिकारशक्ती फारच खालावली असेल तेव्हा रक्तावाटे पोचणाऱ्या फ्लुकोनाझोलसारख्या औषधाचा आधार घेतात.

खरी मेख इथेच आहे. व्हिंक्रिस्टीनचे विघटन यकृतातले एक विकर (एन्झाइम) करते आणि फ्लुकोनाझोलच्या कुळातली औषधे तेच विकर अडवतात. इट्राकोनाझोल, व्होरिकोनाझोल आणि पोसाकोनाझोल तर फारच जोराने. मग व्हिंक्रिस्टीन शरीरात रेंगाळते आणि नसांना इजा करते: तीव्र बद्धकोष्ठता होते, जबडा दुखतो, पाऊल उचलेनासे होते, क्वचित झटकेही येतात. म्हणून यांतले कोणते औषध, किती आणि व्हिंक्रिस्टीनच्या तारखेपासून किती दिवस दूर ठेवून द्यायचे, हे किमो देणारे डॉक्टरच ठरवू शकतात. गावातल्या मेडिकलमधून परस्पर गोळी आणणे, मग ती शेजारच्या मुलाला कितीही लागू पडलेली असो, मला सर्वांत धोक्याचे वाटते. गिळताना छातीत दुखू लागले, किंवा ताप १००.४ अंश फॅरनहाइटवर गेला, तर सकाळच्या गाडीची वाट न पाहता किमोची फाइल घेऊन त्याच रात्री जवळचे रुग्णालय गाठावे.