केलेली सही आणि गिरवलेली सही

लेखकाच्या सहीची पुस्तकं ऑनलाइन घ्यायला लागलं की आज ना उद्या मोबाइलवर असे दोन फोटो शेजारी शेजारी येतात. नाव एकच, वळणही तेच. पहिल्यातली सही घाईची आहे. मधलं एक अक्षर गिळलेलं, शिरोरेषा उजवीकडे वर चढलेली, शेवटची रेघ पानाबाहेर पळायच्या बेतात. दुसऱ्यातली सही नेटकी. सगळी अक्षरं वाचता येतात, शाई गडद, जागा पानाच्या बरोब्बर मधोमध. नवखा माणूस दुसरीवर पैसे लावतो आणि तिथेच फसायची शक्यता जास्त असते.

बँकेच्या स्लिपवर, सोसायटीच्या रजिस्टरमध्ये, कुरिअरवाल्याच्या कागदावर सही करताना आपले डोळे भलतीकडेच असतात. हाताला वळण पाठ असतं. नक्कल करणाऱ्याचं काम उलटं चालतं: डोळा समोरच्या नमुन्यावर आणि हात त्याच्या मागून चाचपडत. पहिलीतलं पोर पाटीवर ‘ग’ गिरवतं ना, तसं. म्हणून मी या दोन जातींना केलेली सही आणि गिरवलेली सही असंच म्हणतो. मुख्य फरक वेगाचा, आणि वेग कागदावर दिसतो.

सही करताना पेन कागदाला टेकायच्या आधीच हात चालू झालेला असतो आणि पेन उचलल्यावरही तो जरा पुढे जातो. त्यामुळे रेघेची दोन्ही टोकं निमुळती होतात. गिरवलेली रेघ एकदम सुरू होते नि एकदम थांबते. टोकं बोथट, आणि बॉलपेन असेल तर तिथे शाईचा बारीकसा गोळा. लांब वळणावर रेघ सुतासारखी थरथरते. अक्षराच्या मध्येच, जिथे पेन उचलायचं काही कारण नाही, तिथे सांधा दिसतो. सगळ्यांत बोलकी खूण डागडुजीची. वेलांटी मनासारखी आली नाही म्हणून तिच्यावरून पुन्हा पेन फिरवलेलं असतं. आता स्वतःची सही कोण दुरुस्त करत बसतं?

देवनागरी सहीत मी आधी शिरोरेषा बघतो. काही जण ती शेवटी एका झटक्यात ओढतात, काही अर्धीच, काही ओढतच नाहीत. गिरवणारा मात्र ती अक्षराअक्षरावर नीट बसवत जातो.

कंपाबद्दल जरा थांबून सांगायला हवं, कारण इथे जाणकारही घसरतात. लेखक ऐंशीच्या पुढचा असेल तर त्याची खरी सहीही थरथरतेच, आणि विक्रेते नेमकं हेच कारण पुढे करतात: ‘अहो, शेवटच्या दिवसांतली सही आहे.’ पण म्हाताऱ्या हाताचा कंप बेहिशेबी असतो. रेघ वाकडी होते, पण थांबत नाही. अक्षरं ओळ सोडतात, दोन रेघा जुळायला हव्यात तिथे जुळत नाहीत, आणि त्याची त्या हाताला पर्वा नसते. नकलेचा कंप बारीक आणि एकसारखा असतो. इतकी थरथर असूनही प्रत्येक रेघ जिथे टेकायला हवी तिथे अचूक टेकते. हात कापतोय आणि नेम मात्र चुकत नाही, असं दिसलं की पुस्तक खाली ठेवावं.

यापेक्षा मोठी चूक ‘जुळतंय का’ या प्रश्नात आहे. लोक इंटरनेटवरून एक नमुना काढतात, विक्रेत्याचा फोटो त्याशेजारी धरतात आणि तंतोतंत जुळला की खूश होतात. खरं तर तंतोतंत जुळला की घाबरायला हवं. एकाच माणसाच्या दोन सह्या कधीच हुबेहूब येत नाहीत.

हे एकदा कोर्टात गणिताने मांडलं गेलं होतं. अमेरिकेतल्या न्यू बेडफर्ड गावच्या सिल्व्हिया अ‍ॅन हाउलंड १८६५ मध्ये वारल्या. त्यांची भाची हेटी रॉबिन्सन हिने मृत्युपत्राला जोडलेलं एक जादा पान पुढे केलं. ते खरं ठरलं असतं तर इस्टेट तिच्याकडे गेली असती. पानावर मावशीची सही होती आणि ती मूळ मृत्युपत्रावरच्या सहीशी सुरेख जुळत होती. विरुद्ध बाजूने हार्वर्डचे गणिती बेंजामिन पर्स आणि त्यांचा मुलगा चार्ल्स उभे राहिले. त्यांनी मावशीच्या ४२ खऱ्या सह्या घेतल्या. प्रत्येक सहीत वरून खाली येणाऱ्या ३० रेघा होत्या. सह्यांच्या जोड्या लावून एकीवर दुसरी ठेवली तर सरासरी पाचातली एक रेघ जुळत होती, म्हणजे तीसातल्या सहाएक. वादातल्या जोडीत तीसच्या तीस जुळल्या. असं योगायोगाने घडण्याची शक्यता किती? पाचाचा तिसावा घात मांडा, तितक्यांतून एकदा. १८६८ मध्ये कोर्टाने दावा दुसऱ्याच तांत्रिक मुद्द्यावर निकाली काढला आणि सही खरी की खोटी हे सांगितलंच नाही. हेटी दावा हरली. पुढे लग्नानंतर हेटी ग्रीन या नावाने ती वॉल स्ट्रीटवर अफाट श्रीमंत आणि अफाट चिक्कू म्हणून गाजली, पण तो विषय वेगळा.

हीच युक्ती नोव्हेंबर २०२२ मध्ये पुस्तकं घेणाऱ्या साध्या वाचकांनी वापरली. अमेरिकी गायक बॉब डिलनच्या नव्या पुस्तकाच्या ९०० प्रती ‘स्वतः हाताने सही केलेल्या’ म्हणून ५९९ डॉलरला एक अशा विकल्या गेल्या. पुस्तकं घरी पोचल्यावर लोकांनी आपापल्या सहीचे फोटो ऑनलाइन टाकले, आणि अनोळखी माणसांच्या सह्या एकमेकींवर चपखल बसायला लागल्या. सह्या ऑटोपेनने, म्हणजे साठवलेली सही खऱ्या पेनने उमटवणाऱ्या यंत्राने केल्या होत्या. प्रकाशकाने पैसे परत केले, डिलनने माफी मागितली. मजा अशी की प्रत्येक प्रतीसोबत सही अस्सल असल्याचं प्रकाशकाचं पत्र होतं. कुणा विक्रेत्याने घरच्या प्रिंटरवर काढलेल्या ‘सर्टिफिकेट’ची किंमत काय धरायची ते यावरून ठरवा. मी शून्य धरतो. यंत्राची सही ही गिरवलेलीच सही, फक्त गिरवणारं पोर लोखंडाचं. दाब सगळीकडे सारखा, जाडी सारखी, आणि पेन टेकलं तिथे नि उचललं तिथे ठिपका.

म्हणून माझी पहिली तपासणी फुकटातली आहे. लेखकाचं नाव आणि ‘सही’ असं शोधायचं आणि सर्वांत वर येणारं चित्र बघायचं. नक्कल करणाराही तिथूनच नमुना उचलतो. विकायला ठेवलेली सही त्या चित्राची सख्खी जुळी निघाली तर पुढे बोलायचंच नाही.

दुसऱ्या टोकाला, खऱ्या सह्या केवढ्या बदलतात ते गांधीजींकडे पाहून कळतं. ते दोन्ही हातांनी लिहीत. उजवा हात दमला की डावा. १९०९ मध्ये इंग्लंडहून दक्षिण आफ्रिकेला जाताना बोटीवर लिहिलेल्या ‘हिंद स्वराज’च्या हस्तलिखितातली सुमारे ४० पानं डाव्या हाताची आहेत. त्यात ते गुजराती, देवनागरी, रोमन अशा वेगवेगळ्या लिप्यांत सही करत, आणि हरिजन फंडासाठी सहीमागे पाच रुपये घेत, त्यामुळे खऱ्या सह्या गावोगावी पसरल्या आहेत. एका नमुन्यावर सगळं जोखायला गेलात तर यातल्या कितीतरी खऱ्या सह्या खोट्या ठरवाल. मराठीत टोपणनावांमुळे हाच घोळ होतो. कविता कुसुमाग्रजांची, नाटक वि. वा. शिरवाडकरांचं. आरती प्रभू आणि चिं. त्र्यं. खानोलकर एकच. ग्रेस म्हणजे माणिक गोडघाटे. नमुना कुठल्या नावाचा, कुठल्या लिपीतला, कुठल्या वयातला हे न बघता ‘जुळत नाही’ म्हणून चांगली प्रत सोडून देणारे मी पाहिलेत. ती नंतर मी घेतली, हेही कबूल करतो.

हस्ताक्षराच्या भानगडीत पडायच्या आधीच काही पुस्तकं गळतात. पु. ल. देशपांडे १२ जून २००० रोजी गेले. मला एकदा त्यांच्या ‘सहीची’ प्रत दाखवली गेली. विक्रेत्याने पाठवलेल्या फोटोत पहिल्या आवृत्तीचं साल ठळक दिसत होतं. त्याच पानावर खाली पुनर्मुद्रणांची यादी असते, ती फोटोत कापलेली. पूर्ण पान मागवलं तर शेवटचं पुनर्मुद्रण २००४ चं. मराठी पुस्तकांत ही यादी लांबलचक असते आणि लोक तिची वरची ओळच वाचतात. पेनाचंही तसंच. बॉलपेन न्यूयॉर्कच्या दुकानात विकायला आलं ते ऑक्टोबर १९४५ मध्ये, जेलपेन जपानमध्ये १९८४ मध्ये. साने गुरुजी ११ जून १९५० रोजी गेले. त्यांची जेलपेनची चकचकीत सही दिसली तर हसून पुढे जावं.

कागदही साक्ष देतो. नव्या कागदावर शाईच्या पेनाची रेघ काठाशी स्वच्छ राहते. तोच कागद पन्नास वर्षांत जुनाट, सच्छिद्र होतो आणि त्यावर आज सही केली की शाई फुटते, कोळ्याच्या पायांसारखे बारीक फाटे निघतात. पुस्तक १९५० सालचं, शेजारी त्याच काळातल्या मालकाने शाईने लिहिलेलं नाव रेखीव आणि लेखकाची सही तेवढी फुटलेली, असं असेल तर दोन्हींच्या मध्ये बरीच वर्षं गेली आहेत. कसरीने पान खाल्लं असेल तर उत्तम! सहीची रेघ भोकाच्या काठाशी कापल्यासारखी थांबली तर सही आधीची, भोक नंतरचं. शाई भोकाच्या कडेत मुरली असेल तर कुणीतरी खाल्लेल्या पानावर सही केली आहे.

छापील सहीबद्दल थोडक्यात, कारण तिच्यात फसवण्याचा हेतू बहुधा नसतो. लेखकाच्या फोटोखाली किंवा मनोगताखाली सहीचा ठसा छापायची पद्धत जुनी आहे, आणि रद्दीतून आलेली अशी प्रत विक्रेता भाबडेपणाने ‘साइन्ड’ म्हणून टाकतो. त्याच पुस्तकाच्या दुसऱ्या प्रतीत त्याच जागी तीच सही दिसली की विषय संपला.

इंग्रजी पुस्तकांच्या बाजारात नुसत्या सहीला जास्त भाव असतो. कुणाच्या तरी नावाने ‘सप्रेम भेट’ लिहिलेली प्रत म्हणजे दुसऱ्याची वस्तू, असं मानतात. मला हे कधी पटलं नाही. नुसती सही म्हणजे गिरवायला दोन-तीन शब्द. ‘चि. अमुकला लग्नानिमित्त सप्रेम भेट’, खाली गाव नि तारीख, म्हणजे दहा-बारा शब्द, आणि तेवढं सगळं एका वेगात, एका उतारावर गिरवणं फार अवघड. शिवाय तारीख खोटं बोलली तर पकडता येते. त्या दिवशी लेखक हयात होता का, ती आवृत्ती निघाली होती का, हे तपासता येतं. मी भेटप्रतीच शोधतो आणि त्या स्वस्तही पडतात.

फोटोवरून पुस्तक नाकारता येतं, पण खरं ठरवता येत नाही, म्हणून पैसे द्यायच्या आधी मी तीन गोष्टी मागतो. सहीचं पूर्ण पान, बाजूने टॉर्च मारून काढलेलं, म्हणजे पेनाचा दाब दिसतो. त्याच पानाची मागची बाजू. आणि आवृत्तीचं पान, वरपासून खालपर्यंत. खऱ्या पुस्तकवाल्याला यात काही वाटत नाही. उलट तो सोबत कसरीने खाल्लेल्या कोपऱ्याचाही फोटो पाठवतो. परवा एकाकडे नामांकित कवीची सही होती, भाव साडेचार हजार. तिन्ही फोटो मागितले. दहा मिनिटं ‘टायपिंग’ दिसत राहिलं, मग उत्तर आलं: ‘सर, बुक पॅक झालंय.’