विचारपूस वेगळी, हवापाण्याच्या गप्पा वेगळ्या

सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये समोरच्या बर्थवरचा माणूस कुर्डुवाडी यायच्या आत गाव, आडनाव, नोकरी करत करत मुलांच्या लग्नापर्यंत पोचतो. अमेरिकेतल्या दुकानात काउंटरवरची मुलगी ओळखदेख नसताना ‘हाऊ आर यू?’ विचारते, वर तुमच्या स्वेटरचं कौतुक करते. मुलाकडे सहा महिने राहायला निघालेल्या सोलापूरकरांना हे दोन्ही सारखंच वाटतं, आणि तिथंच घोळ होतो.

आपली विचारपूस दुवा शोधत असते. गाव कळलं की तिथलं कुणीतरी ओळखीचं निघतं, आडनावावरून पाहुणे निघतात. (आडनाव विचारताना जात चाचपली जाते, हेही खरंच.) सोलापुरात तर या प्रश्नांनी भाषाही ठरते. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू सगळं एकाच बाजारात. समोरचा अक्कलकोटकडचा निघाला की बोलणारा सहज कन्नडवर येतो.

अमेरिकन गप्पांना असं काही शोधायचं नसतं. ‘हाऊ आर यू?’ हा आपला रामराम. ‘गुड, अँड यू?’ म्हणायचं आणि पिशवी उचलायची. गुडघेदुखीचा पाढा वाचायचा नाही. हवा, खेळ, बागेत भेटलेलं कुत्रं हे विषय चालतात. कुत्र्याचं वय खुशाल विचारा, मालकाचं नको. पगार, धर्म, ‘लग्न का नाही केलं?’ हे तर नकोच. गंमत म्हणजे ‘काम काय करता?’ तिथं बिनधास्त चालतं, त्यामुळे पुढचा आकडाही विचारावा असं वाटतं. तो मोह आवरा.

हसून बोलणारा शेजारी मग घरी का बोलवत नाही, याचं नवल वाटून घेऊ नये. १९३३ मध्ये जर्मनी सोडून अमेरिकेत गेलेले मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन यांनी १९३६ च्या लेखात हाच फरक मांडला होता: अमेरिकन माणूस अनोळखी माणसाशी चटकन मोकळा होतो, पण अगदी आतलं सहसा उघडं करत नाही, जर्मन माणूस मुळात सुरुवातीलाच राखून असतो.

म्हणून जर्मनीतल्या शांततेलाही आखडूपणा समजू नका. डॉक्टरकडच्या वेटिंग रूममध्ये शिरताना लोक सगळ्यांना मिळून ‘गुटेन टाग’ म्हणतात आणि मग गप्प बसतात. नमस्कार चुकवणं उद्धटपणाचं, गप्प बसणं नाही.

उलटी अडचण परतलेल्या मुलांची. नवी पेठेत कुणी ‘पगार किती रे?’ विचारलं की त्यांच्या कपाळावर आठ्या येतात. आकडा सांगायची गरजच नसते. ‘भागतंय की काका’ एवढ्यावर विचारणाऱ्याचं समाधान होतं आणि गाडी पुढच्या प्रश्नावर जाते. तो बहुधा लग्नाचाच असतो, आणि त्याला मात्र एवढ्याशा उत्तरावर सुटका नाही.