‘ती असं कधीच वागली नसती’ : अमेरिकी दुपारच्या मालिकांमधील एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

अमेरिकेतील दुपारच्या मालिकांचे जुने प्रेक्षक एखाद्या नव्या कथानकावर चिडतात, तेव्हा त्यांची तक्रार बहुधा एकाच वाक्यात मावते : ‘ती असं कधीच वागली नसती.’ कथा रटाळ आहे किंवा अभिनय कच्चा आहे, असे त्यांना म्हणायचे नसते. वीस-तीस वर्षे ज्या व्यक्तिरेखेला रोज पाहिले तिचा भूतकाळ लेखकाला ठाऊक नाही, किंवा ठाऊक असूनही त्याने तो सोयीसाठी बाजूला सारला, असा त्यांचा आरोप असतो. बाहेरच्या माणसाला हा आग्रह हास्यास्पद वाटतो. पण हा व्यवसाय कसा उभा राहिला हे पाहिले, की या आरोपामागे बरेच तथ्य असल्याचे ध्यानात येते.

सुरुवात रेडिओवर झाली. 1930 मध्ये शिकागोच्या डब्ल्यूजीएन केंद्रावर अर्ना फिलिप्स यांनी ‘पेन्टेड ड्रीम्स’ ही रोजची श्राव्य मालिका सुरू केली. तिच्या हक्कांवरून केंद्राशी त्यांचे बिनसले, प्रकरण न्यायालयात गेले आणि पुढच्या मालिकेची मालकी आपल्याच हाती राहील याची काळजी त्यांनी घेतली. कथा नेमकी कोणाची, हा प्रश्न या प्रकाराच्या पाळण्यातच पडला होता. 1933 मध्ये प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीने आपल्या ऑक्सिडॉल साबणाच्या जाहिरातीसाठी ‘मा पर्किन्स’ हाती घेतली आणि ‘सोप ऑपेरा’ हे काहीसे हेटाळणीचे नाव रूढ होत गेले. घरकाम करता करता ऐकणाऱ्या स्त्रिया हे या कंपन्यांचे गिऱ्हाईक होते. ऐकणारे किती आणि कोण, हे कळण्याचा एक हुकमी मार्ग म्हणजे टपाल. त्यामुळे श्रोत्याच्या पत्राला नाटकाच्या किंवा कादंबरीच्या जगात कधी नव्हते इतके वजन या धंद्यात पहिल्यापासून आले.

ते वजन लवकरच दिसून आले. फिलिप्स यांचीच 1937 मध्ये सुरू झालेली ‘द गायडिंग लाइट’ 1941 च्या अखेरीस बंद करण्यात आली, तेव्हा श्रोत्यांच्या पत्रांचा असा मारा झाला की पुढच्याच वर्षी ती पुन्हा प्रक्षेपित करावी लागली. पुढे याच मालिकेत मेटा बाउअर या स्त्रीने आपल्या नवऱ्याला गोळी घातली, कारण लहान मुलाला मर्द बनवण्याच्या हट्टापायी त्याने मुलाला मुष्टियुद्धात ढकलले होते आणि त्यात ते पोर दगावले होते. खटल्याचा निवाडा काय व्हावा, हे श्रोत्यांनाच विचारण्यात आले आणि कौल तिच्या बाजूने पडला. मात्र फिलिप्स प्रत्येक वेळी प्रेक्षकांपुढे झुकल्या असे नाही. मालिका दूरचित्रवाणीवर आल्यावर 1950 च्या दशकात त्यांनी कॅथी या लोकप्रिय नायिकेला चाकाच्या खुर्चीत असताना मोटारीखाली मारले. संतापाची पत्रे आणि फोन आले, पण त्या मागे हटल्या नाहीत. प्रेक्षकाला विचारायचे कधी आणि त्याला धक्का द्यायचा कधी, ही पुढच्या सगळ्या लेखकांची डोकेदुखी त्यांच्या कारकिर्दीतच तयार झाली होती.

या श्रोत्यांना भाबडे समजण्याची पद्धतही तितकीच जुनी आहे. समाजशास्त्रज्ञ हेर्टा हर्झोग यांनी 1941 मध्ये न्यूयॉर्क परिसरातील शंभर स्त्रियांच्या मुलाखतींवर आधारित अभ्यास प्रसिद्ध केला. मन मोकळे होणे, जे आपल्या वाट्याला आले नाही ते कल्पनेत अनुभवणे आणि संसारात कसे वागावे याचा सल्ला मिळवणे, अशा कारणांनी त्या मालिका ऐकत होत्या. सल्ल्यासाठी ऐकणारी बाई पात्राच्या निर्णयाची चिकित्सा करणारच. तिला तो निर्णय पटला नाही, तर पुढच्या सल्ल्यावर तिने विश्वास का ठेवावा?

दूरचित्रवाणीने या नात्याचा आकार वाढवला. पंधरा मिनिटांचे भाग 1956 मध्ये ‘अॅज द वर्ल्ड टर्न्स’ आणि ‘द एज ऑफ नाइट’ यांच्या आगमनाने अर्ध्या तासाचे झाले आणि 1975 मध्ये ‘अनदर वर्ल्ड’ने तासाभराची मजल मारली. आठवड्याला पाच भाग म्हणजे वर्षाला सुमारे अडीचशे तासांची कथा. इतके लेखन एका हाताने होणे शक्य नाही, म्हणून कामाची उतरंड ठरली. मुख्य लेखक कित्येक महिन्यांच्या कथेचा आराखडा करतो (त्याला या धंद्यात ‘बायबल’ म्हणतात), दुसरे लेखक त्याची भागवार आणि प्रसंगवार फोड करतात आणि संवाद आणखी कोणी तिसरेच लिहितात. वर निर्माता, वाहिनी आणि पूर्वी प्रायोजकही. चित्रीकरण प्रक्षेपणाच्या कित्येक आठवडे आधी झालेले असते. म्हणजे एखाद्या वळणावर प्रेक्षक खवळला, तरी त्याच वळणाचे पुढचे वीस-पंचवीस भाग डब्यात तयार असतात. ‘आम्ही ओरडतो आहोत आणि यांना ऐकूच येत नाही’ ही भावना बऱ्याच अंशी या कालांतरातून येते. चाहत्यांनी निर्णय घेणाऱ्या या अदृश्य मंडळींना ‘द पॉवर्स दॅट बी’ (म्हणजे ‘जे कोणी सत्ताधारी असतील ते’) असे नाव ठेवले; त्यातला उपहास सांगायला नको.

आणखी एक गोष्ट या उतरंडीतून निघाली. मुख्य लेखक दोन-चार वर्षांत बदलतो, कधी त्याआधीच त्याला नारळ मिळतो. कलाकार दशकानुदशके टिकतात आणि प्रेक्षक त्याहूनही चिवट असतो. ‘गायडिंग लाइट’ 2009 मध्ये थांबली तेव्हा रेडिओचा काळ धरून तिला 72 वर्षे झाली होती. काही घरांत आजी, आई आणि मुलगी अशा तीन पिढ्यांनी ती पाहिली. अशा मालिकेची खरी स्मरणवही लेखकाच्या टेबलावर नव्हे, तर प्रेक्षकाच्या डोक्यात असते. कोणाचे कोणाशी कधी लग्न झाले, कोणाचा जुळा भाऊ कोठे मेला, याची पक्की नोंद तिथे होते. हे प्रेक्षक सवलती देत नाहीत असेही नाही. पोर जिना चढून खोलीत जाते आणि काही महिन्यांनी मिसरूड फुटलेला तरुण होऊन खाली उतरते, हे ते हसत स्वीकारतात. ‘अॅज द वर्ल्ड टर्न्स’मध्ये 1961 साली जन्मलेला टॉम ह्यूज दशक सरता सरता कॉलेजात पोहोचलाच होता. वय बदलले तर चालते. स्वभाव विनाकारण बदलला की बिनसते.

हे ज्यांना पुरते उमगले होते ते डग्लस मार्लंड. 1985 पासून 1993 मध्ये निधन होईपर्यंत ते ‘अॅज द वर्ल्ड टर्न्स’चे मुख्य लेखक होते. मालिका कशी बिघडवू नये, याचे त्यांनी एका मुलाखतीत सांगितलेले नियम चाहते आजही प्रमाण म्हणून पुढे करतात. मालिका पाहा, तिचा इतिहास शिका, प्रेक्षकांची पत्रे वाचा, कारण तुम्हाला नीरस वाटणारे पात्र त्यांचे लाडके असू शकते, कलाकारांशी बोला, कारण पात्राबद्दल त्यांना तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक असते, मुळातले पात्र बदलू नका, नवी पात्रे सावकाश आणा आणि त्यांना जुन्या घराण्यांशी जोडा, नव्याने सूत्रे हाती घेतली असतील तर पहिले सहा महिने कोणाला काढू नका. यात प्रतिभेबद्दल चकार शब्द नाही. सगळा भर घरात नव्याने आलेल्या माणसाने कसे वागावे यावर आहे, आणि माझ्या मते या नियमांचे बळ त्यातच आहे. आलेल्या दिवशीच भिंती पाडायला घेणाऱ्या लेखकांचा अनुभव प्रेक्षकांना भरपूर होता.

प्रेक्षकांच्या पसंतीने पात्रे जगली, याची उदाहरणे या क्षेत्रात दंतकथेसारखी सांगितली जातात. ‘डार्क शॅडोज’मध्ये 1967 साली थोड्या दिवसांसाठी आणलेला बार्नबस कॉलिन्स हा रक्तपिपासू पिशाच्च (व्हॅम्पायर) पत्रांच्या वर्षावामुळे मालिकेचा नायकच होऊन बसला. ‘जनरल हॉस्पिटल’मधला लूक स्पेन्सर मुळात तेरा आठवड्यांचा पाहुणा होता. मात्र लूकची कहाणी ‘प्रेक्षक म्हणेल ते खरे’ या सूत्राला तडाही देते. 1979 मध्ये एका डिस्को क्लबात त्याने लॉरावर बलात्कार केला. जोडी लोकांना आवडते असे दिसताच त्याच प्रसंगाला ‘मोहाचा क्षण’ ठरवून त्यावर प्रेमकथा रचली गेली, आणि नोव्हेंबर 1981 मधला त्यांचा विवाह सुमारे तीन कोटी प्रेक्षकांनी पाहिला. अमेरिकी दुपारच्या मालिकांच्या इतिहासातील तो उच्चांक ठरला. प्रसंगाला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारायला मालिकेला 1998 उजाडावे लागले. तोवर या जोडप्याचा मुलगा प्रश्न विचारण्याइतका मोठा झाला होता. ‘वन लाइफ टु लिव्ह’ने 1993 मध्ये टॉड मॅनिंग आणि त्याच्या साथीदारांनी मार्टीवर केलेल्या सामूहिक बलात्काराची कथा गांभीर्याने हाताळून नाव मिळवले. पुढे टॉडही लोकप्रिय झाला आणि 2008 मध्ये स्मृती गेलेल्या मार्टीला त्याच्याच प्रेमात पडलेली दाखवण्यात आले. या वेळी मात्र प्रेक्षकांनी ते चालवून घेतले नाही. लूक-लॉरा आणि टॉड-मार्टी या दोन प्रेमकथांमधल्या जवळजवळ तीस वर्षांत प्रेक्षक बदलला होता. लेखनकक्षातील हिशेब तोच राहिला होता.

भूतकाळ मोडण्याचे सर्वात गाजलेले उदाहरण ‘ऑल माय चिल्ड्रेन’चे. अॅग्नेस निक्सन यांच्या या मालिकेत एरिका केनने 1973 मध्ये गर्भपात केला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताला घटनात्मक संरक्षण देणारा ‘रो विरुद्ध वेड’ निकाल त्याच वर्षी दिला होता. एरिकाला मॉडेल व्हायचे होते, मूल नको होते आणि त्याबद्दल तिला पश्चात्तापाने झुरायला लावले नाही. त्या काळाच्या मानाने हे धाडस मोठे होते. याच निक्सन यांनी 1962 मध्ये ‘गायडिंग लाइट’साठी गर्भाशयाच्या कर्करोगाची कथा लिहिली, तेव्हा ‘कर्करोग’ आणि ‘गर्भाशय’ हे शब्दच वापरायचे नाहीत, अशी अट त्यांच्यावर होती. आणि मग 2006 मध्ये मालिकेने जाहीर केले, की एरिकाचा गर्भपात झालाच नव्हता. डॉक्टरने तो गर्भ चोरून दुसऱ्या स्त्रीच्या उदरात रुजवला आणि त्यातून जन्मलेला जॉश नावाचा तरुण आता दारात उभा आहे. वैद्यकीयदृष्ट्या ही गोष्ट अशक्य होती, पण प्रेक्षकांचा राग त्यासाठी नव्हता. मेलेली माणसे परत येणे त्यांच्या अंगवळणी पडलेच होते. एका स्त्रीने घेतलेला निर्णय तेहेतीस वर्षांनी तिच्या हातातून काढून घेतला, हे त्यांना झोंबले. अशा मागाहून केलेल्या दुरुस्तीला चाहत्यांच्या बोलीत ‘रिटकॉन’ म्हणतात आणि हा शब्द ते शिवीसारखा उच्चारतात. जॉशला 2009 मध्ये मारून टाकण्यात आले.

मृत्यूंचे हिशेब वेगळेच चालतात. ‘गायडिंग लाइट’ने 1993 च्या आरंभी मोरीन बाउअरला मोटार अपघातात मारले. ती नायिका किंवा खलनायिका नव्हती. स्वयंपाकघरात बसून सगळ्यांचे ऐकून घेणारी बाई होती. तिच्यामुळे कथा पुढे सरकत नाही, असा निष्कर्ष काढणे सोपे होते. ती गेल्यावर त्या घरात इतरांनी जमण्याचे कारणच उरले नाही, हे मागाहून कळले. भूमिका करणाऱ्या एलन पार्कर यांना त्याच वर्षी दुपारच्या कार्यक्रमांसाठीचा डेटाइम एमी पुरस्कार मिळाला. याउलट ‘डेज ऑफ अवर लाइव्हज’ने 2003-04 मध्ये एकामागून एक जुनी पात्रे मारली, अॅलिस हॉर्टन या आजीला तर तिच्याच डोनटने गुदमरवून. नंतर ही सगळी मंडळी एका बेटावर जिवंत सापडली. बेटाचे नाव होते मेलास्वेन, म्हणजे ‘न्यू सेलम’ची इंग्रजी अक्षरे उलटी लावून केलेले (सेलम हे मालिकेतले गाव). इथे रडून घेतलेल्या प्रेक्षकाला आपली थट्टा झाल्यासारखे वाटले असेल तर नवल नाही.

कधी कधी लेखकाने जे दाखवले त्यापेक्षा जे टाळले त्यावरून रणे माजली. 2007 च्या ऑगस्टमध्ये ‘अॅज द वर्ल्ड टर्न्स’मधील लूक (‘जनरल हॉस्पिटल’मधला नव्हे) आणि नोआ या दोन तरुण पुरुषांनी एकमेकांचे चुंबन घेतले. त्यानंतर मात्र कॅमेरा त्यांच्यापासून मान वळवू लागला. चाहत्यांनी दिवस मोजायला घेतले, मोहीम उघडली आणि 2008 च्या एप्रिलमध्ये चुंबन पुन्हा दिसले. मोहिमेचे मुद्दे साधे होते : इतर जोडप्यांना जे नियम, तेच यांना का नाहीत?

प्रेक्षक आटू लागल्यावर या भांडणाला वेगळी धार आली. नोकरीला जाणाऱ्या स्त्रियांची वाढती संख्या, केबल, माजी फुटबॉलपटू ओ. जे. सिम्प्सन यांच्यावरील 1995 मधील खुनाच्या खटल्याने दुपारच्या वेळेचा घेतलेला ताबा आणि त्याहून कितीतरी स्वस्तात तयार होणारे गप्पांचे कार्यक्रम यांनी मालिकांची जागा खाल्ली. एबीसी वाहिनीने एप्रिल 2011 मध्ये ‘ऑल माय चिल्ड्रेन’ आणि ‘वन लाइफ टु लिव्ह’ बंद करण्याची घोषणा केली, तेव्हा हूवर या व्हॅक्यूम क्लीनर कंपनीने निषेध म्हणून वाहिनीवरच्या आपल्या जाहिराती काढून घेतल्या. निर्णय बदलला नाही. 1942 मध्ये पत्रांनी जे साधले होते ते या वेळी साधले नाही.

फेब्रुवारी 2025 मध्ये सीबीएस वाहिनीवर ‘बियाँड द गेट्स’ सुरू झाली. 1999 च्या ‘पॅशन्स’नंतर मोठ्या वाहिनीवर आलेली ही पहिली नवी दुपारची मालिका, मेरिलंडमधील एका श्रीमंत कृष्णवर्णीय घराण्याभोवती गुंफलेली. निर्मात्यांत प्रॉक्टर अँड गॅम्बल पुन्हा आहे. या मालिकेत कोण कसे वागले नसते, हे सांगायला प्रेक्षकाकडे पहिल्या दिवशी काहीच पुरावा नव्हता. आता तो रोज एका भागाने जमतो आहे.