स्प्रॉकेट बदलताय? दुकानात यायच्या आधी एवढं बघून या

नमस्कार मंडळी,

बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या काउंटरवर कोणी ना कोणी येतंय आणि म्हणतंय, "सतरा दाताचं एक चेन व्हील द्या, अर्जंट आहे, मशीन बंद पडलंय." खानापूरकडची वीटभट्टी असू दे, भाताची गिरणी असू दे, नाहीतर निपाणी-चिक्कोडीकडचं मळणी मशीन असू दे, घाई सगळ्यांनाच असते आणि ती आम्हाला कळतीय, ऐन सुगीत मशीन उभं राहिलं तरी माणसांची हजेरी द्यावीच लागते. पण नुसते दात सांगून स्प्रॉकेट, म्हणजे चेन ज्यावर फिरते ते दातांचं चाक, मिळत नाही, सतरा दाताची चाकं आमच्या रॅकवर पाच-सहा मापांत असतात, आणि चुकीचं नेलं की परत फेरी, परत बसचं भाडं. म्हणून हे लिहितोय.

आधी चेन ओळखा

चेनच्या पट्टीवर नंबर मारलेला असतो, तेल-माती पुसून बघा. ०८बी, १०बी, १२बी, १६बी असं असेल तर ती ब्रिटिश मापाची, आणि ४०, ५०, ६०, ८० असं असेल तर अमेरिकन. नंबर झिजला असेल तर पिच मोजा, म्हणजे एका पिनच्या मध्यापासून पुढच्या पिनच्या मध्यापर्यंतचं अंतर. एकच पिच मोजू नका, दहा मोजा आणि दहानं भागा. अर्धा इंच म्हणजे १२.७ एमएम आलं तर ०८बी किंवा ४०, १५.८७५ आलं तर १०बी किंवा ५०, पाऊण इंच म्हणजे १९.०५ आलं तर १२बी किंवा ६०, आणि एक इंच म्हणजे २५.४ आलं तर १६बी किंवा ८०. जुनी चेन वाढलेली असते त्यामुळं आकडा थोडा जास्तच येणार, जवळचं माप धरायचं.

आता इथं लोक फसतात. पिच सारखा म्हणजे स्प्रॉकेट चालणार असं नाही. १६बी आणि ८० दोन्हीचा पिच २५.४, रोलर, म्हणजे दातांच्या खोबणीत बसणारी चेनमधली गोल नळी, तीसुद्धा सारखीच, १५.८८ एमएम. पण १६बी चेनची आतली रुंदी १७.०२ आहे आणि ८० ची १५.७५. १६बी साठी कापलेला दात साधारण १६.२ एमएम जाड, तो ८० नंबरच्या चेनमध्ये शिरतच नाही, हातोडी मारून बसवायला गेलात तर पट्ट्या फाकतात. १२बी आणि ६० मध्ये नेमकं उलटं, तिथं ६० चं स्प्रॉकेट १२बी चेनला जाड पडतंय. म्हणून आमचं एकच सांगणं, चेनचा निदान हातभर तुकडा सोबत आणा, तो असला की दोन मिनिटांत काम होतंय.

चेन हरवलीच असेल तर जुन्या चाकाचे दात मोजा आणि बाहेरून बाहेर व्यास घ्या. सतरा दात आणि व्यास १५१ एमएमच्या आसपास असेल तर एक इंच पिच, ११३ च्या आसपास असेल तर पाऊण इंच.

चेन नवी आणि चाक जुनं, हे करू नका

जुन्या स्प्रॉकेटचा दात उजेडात धरून बघा. नव्या दाताच्या दोन्ही बाजू सारख्या असतात. झिजलेल्या दाताची एक बाजू आत खाल्लेली असते, चकचकीत झालेली असते आणि टोक वाघनखासारखं एकीकडं वाकलेलं दिसतंय. खोबणीत नख फिरवा, जिथं रोलर बसतो तिथं खड्डा आणि त्याच्या कडेला काठ नखाला लागतो. असा काठ लागला की ते चाक संपलं.

हे का होतंय ते समजून घ्या. चेन "ताणली" असं आपण म्हणतो पण पट्टी ताणत नाही, आतली पिन आणि बुश (पिनवरची नळी) झिजतात, प्रत्येक सांध्यात थोडी थोडी फट वाढते आणि पिच मोठा होतो. मग रोलर खोबणीत न बसता दातावर वर चढतात, सगळा लोड मोजक्या दातांवर येतो, आणि ते दात खाल्ले जातात. अशा खाल्लेल्या दातांवर नवी चेन टाकली की ती नवी चेनसुद्धा लवकर जाते, कारण वाकलेला दात रोलरला सोडत नाही, झटका मारतो. उलटंही तेच, वाढलेली चेन नव्या चाकावर घातली की चाक खातंय. मापाची खूण सांगतो, चेन ताणून धरा आणि वीस पिच मोजा. १६बी मध्ये नवं माप ५०८ एमएम, ते ५१८ झालं की बदला. १२बी मध्ये ३८१, ते ३८८ च्या पुढं गेलं की बदला. म्हणजे दोन टक्के. त्या वेळी चेन, लहान चाक, मोठं चाक तिन्ही एकदम बदललेलं परवडतंय. पैशाची अडचण असेल तर निदान लहान चाक तरी बदलाच, त्याचे दात जास्त वेळा कामाला येतात म्हणून तेच आधी जातंय.

दात किती घ्यायचे

आधी जेवढे होते तेवढेच. "दोन दात जास्त द्या, जरा स्पीड येऊ दे" असं म्हणणारे बरेच येतात. पंधराच्या जागी मोटरकडं सतरा लावलं तर पुढची शाफ्ट सुमारे तेरा टक्के जास्त फिरणार, भात वर नेणाऱ्या एलिव्हेटरचे डबे वेगळ्या जागी भात टाकायला लागणार, मोटरचा अँपिअर वाढणार. स्पीड बदलायचाच असेल तर मोठ्या चाकाचा हिशोब सोबत करूया, बसून करूया.

नवीन ड्राइव्ह बनवत असाल तर लहान चाक शक्यतो सतरा दातांपेक्षा कमी घेऊ नका. अकरा दातांवर चेनचा वेग प्रत्येक दाताला सुमारे चार टक्के वरखाली होतो, सतरावर दोन टक्क्यांच्याही आत येतो, तो आवाज आणि थरथर त्यातूनच येते. लहान चाकाचे दात विषम ठेवा, १७, १९, २१, आणि चेनच्या कड्या सम, म्हणजे तोच रोलर सारखा त्याच दातावर येत नाही आणि झीज वाटून जाते. कड्या सम असल्या की हाफ लिंकही (विषम कड्या जुळवायला घालतात ती जोडकडी) लागत नाही, ती नेहमी कमजोर असते.

बोअर, चावी, हब

बोअर म्हणजे चाकाचं मधलं भोक, चावी म्हणजे चाक शाफ्टवर फिरू न देणारी पट्टी, हब म्हणजे भोकाभोवतीचा जाड उंचवटा. शाफ्ट व्हर्नियरनं मोजा, टेपनं नको. जुन्या मशीनला दीड इंची शाफ्ट असते, ती ३८.१ एमएम, आणि ३८ चा बोअर मारून नेला तर बसत नाही. सैल बोअरमध्ये पत्रा गुंडाळून चालवणारे आहेत, कृपा करून नको, चाक डगमगतंय आणि चावी कापली जाते. चावीचं माप साधारण असं, ३५ च्या शाफ्टला १० एमएम रुंद, ४० ला १२, ५० ला १४, पण तुमच्या शाफ्टवरची खाच मोजूनच सांगा. हब एका बाजूला, दोन्ही बाजूला की नुसती प्लेट, आणि हबची लांबी किती, हेही बघा, नाहीतर चाक बेअरिंगला घासतंय. टेपर लॉक बुश (चाक शाफ्टवर आवळणारी निमुळती बुश) असेल तर त्यावरचा नंबर लिहून आणा, १६१०, २०१२ असा असतो.

मटेरियल ईएन ८ स्टील असावं आणि लहान चाकाचे दात हार्डन केलेले असावेत. ओळखायला सोपं, दातावर कानस मारून बघा, हार्डन असेल तर कानस नुसती घसरते.

बसवताना

दोन्ही चाकांच्या तोंडावर दोरी ताणून धरा, चारही ठिकाणी टेकली पाहिजे. दाताची एकच बाजू घासून चमकत असेल तर चाकं लाइनीत नाहीत एवढं नक्की. आडव्या ड्राइव्हला चेन खालच्या बाजूला थोडी सैल ठेवा, शाफ्टमधलं अंतर एक मीटर असेल तर दोन ते चार सेंटिमीटर, वीणेच्या तारेसारखी ताणलेली चेन बेअरिंग खाते. चेनच्या जोडकडीवरच्या लॉक क्लिपचं बंद तोंड चेन जाते त्या दिशेला. आणि वरून ग्रीस थापू नका, ते पिनपर्यंत पोचत नाही, उलट वीटभट्टीची माती चिकटवून धरतंय, आतल्या बाजूनं ऑइल सोडा.

यायला जमत नसेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवा, पण चेन आणि चाकाशेजारी मेजरिंग टेप ठेवून, आकडे वाचता येतील असा, एक समोरून आणि एक बाजूनं. बोअर आणि कीवे (चावीची खाच) मारायचा असेल तर सकाळीच सांगा, लेथवर नंबर लावून ठेवतो.