टीवायच्या केमिस्ट्री प्रॅक्टिकलमागची दोनशे वर्षं

एनईपी, म्हणजे नवं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, आल्यापासून जिकडेतिकडे हँड्स-ऑन लर्निंगचा गजर चाललाय, ऑन जॉब ट्रेनिंग काय, फील्ड प्रोजेक्ट काय, चौथ्या वर्षाला रिसर्च काय, आणि बोलणारे असं बोलतात की जणू आजवर टीवायची, म्हणजे बीएस्सीच्या तिसऱ्या वर्षाची, मुलं लॅबमध्ये हाताची घडी घालूनच उभी होती. खरं तर केमिस्ट्री कॉलेजात शिकवायची आजची पद्धत सुरूच झाली हाताने काम करण्यातून, परीक्षा तिच्या डोक्यावर नंतर बसली, आपल्याकडे तर जरा जास्तच बसली.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपात सर टेबलावर प्रयोग करून दाखवायचे आणि पोरं बाकावरून बघायची. स्वतः हात घालायला मिळणं म्हणजे कोणा मोठ्या माणसाच्या खाजगी लॅबमध्ये वर्णी लागणं. युस्टुस लीबिगला अशी संधी पॅरिसमध्ये गे-ल्युसाककडे मिळाली होती. तो १८२४ साली जर्मनीतल्या गिसेन या छोट्या गावच्या विद्यापीठात प्राध्यापक झाला तेव्हा वय होतं २१, आणि लॅबसाठी जागा मिळाली ती जुन्या लष्करी बराकीच्या चौकीत. तिथे त्याने मुलांना ओळ लावून कामाला बसवलं: आधी अनोळखी पदार्थ ओळखायचे, मग त्यात काय किती आहे ते मोजायचं, मग काहीतरी बनवायचं, आणि एवढं जमलं की स्वतःचा नवीन प्रश्न घ्यायचा. क्वालिटेटिव्ह, क्वांटिटेटिव्ह, प्रिपरेशन, प्रोजेक्ट. आपल्या सिलॅबसशी ताडून बघा, क्रम अजून तोच आहे, फक्त शेवटची पायरी बरीच वर्षं गळून पडलेली होती.

लीबिगचं जमलं त्याला एक साधं काचेचं उपकरणही कारणीभूत आहे. १८३१ मध्ये त्याने पाच फुग्यांची एक त्रिकोणी नळी बनवली, कालीअपारात म्हणतात तिला, अमेरिकन केमिकल सोसायटीच्या बोधचिन्हात ती आजही दिसते. ऑरगॅनिक पदार्थ जाळायचा, निघालेलं पाणी कॅल्शियम क्लोराइडच्या नळीत पकडायचं, कार्बन डायऑक्साइड या फुग्यांमधल्या पोटॅशच्या द्रावणात, आणि आधीचं-नंतरचं वजन घ्यायचं, बस्स. याआधी गॅसचं आकारमान मोजावं लागायचं, ते काम किचकट आणि मुरलेल्या हाताचंच. वजन करणं मात्र कोणाही मेहनती पोराला जमतं, त्यामुळे मुलांच्या हातून खरं संशोधन करून घेणं शक्य झालं.

गिसेनमध्ये लीबिगचा असिस्टंट होता फ्रेसेनियस. त्याचं क्वालिटेटिव्ह ॲनालिसिसचं पुस्तक आलं १८४१ मध्ये, आणि एच टू एस, म्हणजे हायड्रोजन सल्फाइड गॅस, सोडून द्रावणातल्या धातूंचा एकेक ग्रुप साका करून खाली पाडायची जी शिस्त आपण शिकलो ती त्याच परंपरेतली. मग नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या किपने त्या गॅससाठी उपकरण काढलं. नळ उघडला की ॲसिड खाली येऊन आयर्न सल्फाइडला भिडतं, बंद केला की साठलेला गॅसच ॲसिडला मागे ढकलतो आणि रिॲक्शन आपोआप थांबते. डोकं भारी लावलं होतं, वासाचं काय ते सोडा. सोडियम वितळवून नायट्रोजन, हॅलोजन, सल्फर शोधायची लासेनची टेस्ट, तिची मुळंसुद्धा १८४० च्या दशकातलीच. लालभडक इग्निशन ट्यूब पाण्यात बुडवली की तडकते, ते पाणी उकळून गाळायचं, फेरस सल्फेट घालून परत गरम करायचं, ॲसिड टाकलं की प्रशियन ब्लू हा गडद निळा रंग, आणि मग अख्ख्या टेबलाला कळतं की नायट्रोजन आहे.

लीबिगचाच विद्यार्थी हॉफमन १८४५ मध्ये लंडनच्या नव्या रॉयल कॉलेज ऑफ केमिस्ट्रीत गेला. तिथला १८ वर्षांचा पर्किन १८५६ च्या ईस्टरच्या सुट्टीत घरच्या लॅबमध्ये क्विनाइन बनवायला बसला आणि हाती लागला जांभळा रंग, मॉव्ह. त्यातून रंगांचे कारखाने उभे राहिले, कारखान्यांना केमिस्ट लागायला लागले आणि लॅब ही कॉलेजांची गरज झाली.

आपल्याकडे गाडी उलट्या टोकाने आली. १८५७ मध्ये मुंबई, कलकत्ता, मद्रास विद्यापीठं निघाली ती तेव्हाच्या लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर, आणि ते तेव्हा मुख्यतः परीक्षा घेऊन डिग्री देण्याचं काम करायचं. म्हणजे आधी पेपर, लॅब मागाहून. तरी माणसं निघालीच. प्रफुल्लचंद्र राय एडिंबरोहून येऊन १८८९ ला कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात लागले आणि तिथल्या लॅबमधून १८९६ मध्ये मर्क्युरस नायट्राइट हे पाऱ्याचं संयुग जगासमोर आलं. मुंबईत विल्सन कॉलेजला त्रिभुवनदास गज्जर होते. दामोदर चापेकरांनी १८९६ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला डांबर फासलं, ते पुढे साफ केलं गज्जरांनी (चापेकरांच्या बाजूने बघितलं तर केमिस्ट्रीचा हा उपयोग जरा खटकतोच, पण काम अवघड होतं हे मान्य करायला हवं). नंतर १९२० ला रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स उघडली, १९३३ ला यूडीसीटी, म्हणजे मुंबई विद्यापीठाचा केमिकल टेक्नॉलॉजी विभाग, आणि मुंबईच्या कापड गिरण्यांना डाइंगमधली माणसं हवी असल्यामुळे तिथे हाताच्या कामाला खरा भाव होता.

बाकी कॉलेजांमध्ये राज्य आलं व्होगेलचं. लंडनमधल्या वुलिच पॉलिटेक्निकला शिकवणारा हा माणूस, त्याची क्वालिटेटिव्ह, क्वांटिटेटिव्ह आणि ऑरगॅनिकची पुस्तकं १९३७ ते १९४८ दरम्यान आली. पुस्तकं उत्तमच आहेत, दोष त्यांचा नाही. पण युनिव्हर्सिटीच्या परीक्षेला एका दिवसात शेकडो मुलांना मार्क द्यायचे म्हटल्यावर ठरलेलीच मिक्श्चर, ठरलेलीच प्रिपरेशन, मग सीनियरकडून आलेली यादी, आणि मेल्टिंग पॉइंट घ्यायच्या आधीच डेरिव्हेटिव्ह (पदार्थाची ओळख पक्की करायला त्यापासून बनवायचा दुसरा पदार्थ) माहीत. ब्युरेट (द्रावण मोजून सोडायची काचेची नळी) रीडिंग १०.६ आलं तरी जर्नलमध्ये, म्हणजे प्रयोगवहीत, १०.२, कारण सरांचं १०.२ आहे. जर्नल सर्टिफाय, व्हायवा, विषय संपला. लीबिगच्या बाटलीत काय आहे हे पोराला खरंच माहीत नसायचं, आपल्या बाटलीतलं सगळ्या बॅचला माहीत.

बदल आले ते आधी हवेमुळे. १९८० च्या सुमारास अमेरिकेत मेन राज्यातल्या बोडन कॉलेजमध्ये ऑरगॅनिक लॅबची हवा सुधारायची होती आणि नवीन व्हेंटिलेशनचा खर्च अफाट, म्हणून मेयो, पाइक आणि बुचर यांनी ग्रॅमऐवजी मिलिग्रॅममध्ये प्रयोग बसवले. मायक्रोस्केल आलं ते इथून. १९९८ मध्ये ग्रीन केमिस्ट्रीची, म्हणजे कमी घातक आणि कमी कचरा करणाऱ्या केमिस्ट्रीची, बारा तत्त्वं आली, आणि आपल्याकडेही सिलॅबसमध्ये हळूहळू ग्रीन प्रिपरेशन शिरली. प्रोजेक्टच्या बाजूने मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने २००४ ला एनआययूएस (नॅशनल इनिशिएटिव्ह ऑन अंडरग्रॅज्युएट सायन्स) सुरू केलं, त्यात देशभरातली बीएस्सीची मुलं येऊन गाइडच्या हाताखाली खरा प्रश्न घेतात. उपक्रम चांगलाच आहे, पण जागा शेवटी मोजक्याच.

आता एनईपी. महाराष्ट्रात ऑटोनॉमस कॉलेजांना २०२३-२४ पासून आणि संलग्न कॉलेजांना २०२४-२५ पासून लागू, म्हणजे संलग्न कॉलेजांची पहिली बॅच चौथ्या वर्षाला पोचणार २०२७-२८ मध्ये. गिसेनची ती गळलेली पायरी तिथे परत येतेय, फक्त यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) फ्रेमवर्कमध्ये रिसर्चसह ऑनर्सचं दार पहिल्या सहा सेमिस्टरला ७५ टक्के पाडणाऱ्यालाच उघडतं, आणि त्या टक्क्यांमध्ये १०.२ लिहिणाऱ्याचेही मार्क धरलेले असतात.