पुढच्या क्षणाचा हिशेब करणारा ड्राइव्ह

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत चालू ड्राइव्हच्या, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्राच्या, पंख्यासमोर हात धरा. लागते ती गरम हवा म्हणजे मीटरवर चढलेली, पण मोटरच्या शाफ्टपर्यंत न पोचलेली वीज.

ड्राइव्ह 415 व्होल्टच्या थ्री-फेज पुरवठ्यातून सुमारे 585 व्होल्टचा डीसी बनवतो आणि सहा आयजीबीटी भराभर चालू-बंद करून मोटरला हवा तसा एसी देतो. आयजीबीटी हा इलेक्ट्रॉनिक स्विच. चालू असताना त्याच्यावर दीड-दोन व्होल्ट पडतात, त्याची थोडी उष्णता होतेच. पण स्थिती बदलताना व्होल्टेज पुरतं उतरलेलं नसतं आणि प्रवाह मात्र वाहू लागलेला असतो. दोघांचा गुणाकार तेवढा क्षण निव्वळ उष्णता. समजा, एका चालू-बंदला 1 मिलिज्यूल गेला. सेकंदाला 10,000 वेळा तेच झालं, तर एका स्विचमागे 10 वॉट गेले.

नेहमीच्या पद्धतीत हा चालू-बंदचा वेग आधीच ठरलेला असतो, गरज असो वा नसो. प्रेडिक्टिव्ह कंट्रोल, म्हणजे अंदाज घेऊन नियंत्रण, इथेच वेगळं पडतं. उसाला पाणी पाजणारा माणूस सरी काठोकाठ भरायची वाट बघत नाही; पाटात मागून येणारं पाणी धरून आधीच पुढचं दार मोडतो. प्रोसेसरही तसंच पुढचं बघतो. तीन फेजचे स्विच मिळून चालू-बंदच्या फक्त 8 जोड्या होतात. दर काही मायक्रोसेकंदांनी तो प्रवाह मोजतो, आठही जोड्यांनी पुढच्या टप्प्याला प्रवाह कुठे जाईल ते काढतो आणि सर्वांत कमी ‘दंड’ पडणारी जोडी निवडतो. दंडात प्रवाहाची चूक धरतात, तशी स्विच बदलल्याची किंमतही धरता येते.

मला यातली सर्वांत देखणी गोष्ट शून्य व्होल्टेजची वाटते. ते 000 नेही मिळतं आणि 111 नेही; तीन आकडे तीन फेजचे, 1 म्हणजे त्या फेजचा वरचा स्विच चालू, 0 म्हणजे खालचा. आत्ता 110 चालू असेल तर 111 ला एकच फेज बदलावी लागते, 000 ला दोन. मोटरला फरक कळतही नाही, उष्णता मात्र वाचते.

हिशेबाला वेळ लागतो, म्हणून प्रत्यक्षात दोन टप्पे पुढचं बघावं लागतं. शिवाय गणित मोटरच्या रेझिस्टन्स-इंडक्टन्सवर उभं असतं आणि ते आकडे स्थिर राहत नाहीत. वाइंडिंग 50 अंशांनी तापलं की तांब्याचा रेझिस्टन्स जवळपास 20 टक्के वाढतो. मोटरचे आकडे चुकले की अंदाजही चुकतो.

लहान पंपाच्या मोटरला एवढा खटाटोप परवडेल असं मला वाटत नाही. खरा फायदा मोठ्या, मध्यम व्होल्टेजच्या ड्राइव्हना. तिथे एकेक स्विचिंग इतकं महाग पडतं की वेग सेकंदाला काही शे वेळांवरच ठेवावा लागतो, त्यामुळे टाळलेला प्रत्येक बदल मोलाचा. साखर कारखान्याच्या उसाच्या मिलला असा मोठा ड्राइव्ह लागतो आणि हंगामात तो रात्रंदिवस चालतो. माझ्या मते कोल्हापुरात या पद्धतीची पहिली चाचणी तिथेच घ्यावी.