रोटेशनच्या चौकटीतून सुटण्याची शंभर वर्षे

व्हॉलीबॉलमध्ये समोरच्याची सर्व्हिस मोडून ती आपल्याकडे आली की सहाही खेळाडू घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने एकेक जागा सरकतात. हेच रोटेशन. कुणी पुढे असायचे आणि कुणी मागे, हे इथे प्रशिक्षकाच्या नव्हे, नियमाच्या हातात. व्हॉलीबॉलमधले बहुतेक मोठे डावपेच या एका बंधनातून वाट काढताना जन्मले आहेत, असे माझे ठाम मत आहे.

1895 मध्ये अमेरिकेतल्या होल्योक गावी वायएमसीएच्या विल्यम मॉर्गन यांनी हा खेळ काढला, तेव्हा असे काही नव्हते. एका बाजूला कितीही माणसे, चेंडूला कितीही स्पर्श. संघात सहा खेळाडू हे 1918 मध्ये ठरले आणि तीन स्पर्शांची मर्यादा 1920 मध्ये आली. आशियात मात्र रोटेशन नसलेला नऊ जणांचा खेळ रुजला. त्यात उंच माणूस कायम जाळीपाशी आणि चपळ माणूस कायम मागे राहू शकतो. सहा जणांच्या खेळाने ही सोय काढून घेतली.

मागच्या ओळीतल्या खेळाडूला ब्लॉक करता, म्हणजे जाळीवर हात उंचावून समोरचा स्मॅश अडवता येत नाही, आणि तीन मीटरच्या रेषेपुढून जाळीच्या उंचीवरचा चेंडू मारताही येत नाही. म्हणजे सेटर, स्मॅशसाठी चेंडू उचलून देणारा खेळाडू, पुढच्या ओळीत आला की जाळीपाशी स्मॅश मारणारे दोनच उरतात. तो मागे असेल तर तिघे. मग सर्व्हिसला हात लागताक्षणी मागच्या सेटरने जाळीकडे धाव घ्यायची, ही चाल रूढ झाली. त्याच्या बरोबर तिरकस समोर उजवीकडून मारणारा खेळाडू ठेवतात, म्हणजे दोघांपैकी एक जण कायम पुढे. पास, म्हणजे सर्व्हिस घेऊन सेटरकडे दिलेला चेंडू, दोन पावले लांब पडला तरी हे गणित ढासळते. मधल्या खेळाडूचा झटपट स्मॅश हातचा जातो, चेंडू उंच करून कडेला द्यावा लागतो आणि समोर दोघांचा ब्लॉक आधीच तयार असतो.

जपानने उंचीची उणीव वेगाने भरून काढली. 1964 च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये प्रशिक्षक दाइमात्सु यांच्या महिला संघाने जमिनीवर लोळण घेऊन चेंडू उचलत सुवर्ण जिंकले. 1972 ला म्युनिकमध्ये प्रशिक्षक मात्सुदाइरा यांच्या पुरुष संघाने समोरचा ब्लॉकच फसवला. एक जण उडी मारायचा, ब्लॉकर त्याच्याबरोबर उडायचे, आणि ते खाली येत असताना चेंडू दुसराच मारायचा. त्या संघातला मोरिता तर हा चकवा एकट्यानेच द्यायचा, आधी उडीचा आव आणून आणि मग खरी उडी घेऊन. 1976 मध्ये माँट्रियलला सुवर्ण जिंकणाऱ्या पोलंडच्या वुइतोविचने मागच्या ओळीतून रेषेआडून उडी घेत स्मॅश मारले. मागची ओळ फक्त बचावासाठी, ही समजूत त्यानंतर टिकली नाही.

मला सर्वांत धाडसी वाटतो तो 1984 चा अमेरिकी संघ. तोवर सर्व्हिस घ्यायला सेटर सोडून पाचही जण पसरून उभे राहत. प्रशिक्षक डग बील यांनी जवळपास सगळी सर्व्हिस कार्च किराय आणि आल्डिस बर्झिन्स या दोघांवर सोपवली. नियम फक्त शेजारच्या खेळाडूशी तुलना करतो: कोण कुणाच्या पुढे, कोण कुणाच्या डावीकडे. त्यामुळे बाकीचे क्रम न मोडता कडेला सरकून उभे राहू शकत आणि पासची चिंता न करता स्मॅशसाठी धाव घेत. लॉस एंजेलिसला त्यांनी सुवर्ण जिंकले. पुढे उडी मारून केलेली जोरदार सर्व्हिस सर्रास झाली, तेव्हा पास घ्यायला तिसरा माणूस लागू लागला. 1998 मध्ये आंतरराष्ट्रीय सामन्यांत लिबेरो आला. पंचांची परवानगी न घेता मागच्या ओळीत ये-जा करणारा हा खेळाडू म्हणजे रोटेशनला नियमानेच दिलेली सूट.

2025 पासूनच्या नियमावलीत आणखी एक गाठ सुटली. सर्व्हिस करणाऱ्या संघाचे खेळाडू आता सर्व्हिसच्या क्षणी कुठेही उभे राहू शकतात. त्यामुळे सर्व्हिस होताच जागा बदलण्याची त्यांची धावपळ संपली आणि ब्लॉक आधीपासून हव्या त्या जागी लागतो. क्रमाचे बंधन उरले ते सर्व्हिस घेणाऱ्या संघावर.